गाडीतली खडखड आणि ५५० रुपयांची फ्लीस टेप: दीड वर्ष वापरून झाल्यावर

मी औषध कंपनीचा प्रतिनिधी. घर मिरजेत, फिरणं जयसिंगपूर, इचलकरंजी, कोल्हापूर आणि महिन्यातून दोनदा जत. गाडी २०१८ ची पेट्रोल हॅचबॅक, मधलं मॉडेल, आतलं सगळं प्लास्टिक कडक. दीड लाख किलोमीटरला टेकली आहे. इंजिनाबद्दल, क्लचबद्दल एक शब्द वाईट बोलणार नाही. पण साठ हजारांच्या पुढे गाडी आतून वाजायला लागली, आणि दिवसाचे चार-पाच तास एकटा माणूस त्या आवाजासोबत बसला की डोकं फिरतं. डॉक्टरांच्या दारात पोचेपर्यंत मी आधीच कुणाशी तरी भांडून आल्यासारखा दिसायचो.

आमच्या भागात दोन आवाज लोक पैसे मोजून करून घेतात. एक कोल्हापुरी वहाणेची करकर, दुसरा मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी. तिसरा डॅशबोर्डचा, तो फुकट मिळतो.

हे लिहितोय ते मुख्यतः एका टेपबद्दल: टेसा ५१६०८. जर्मन कंपनीची, काळी, हाताला मऊ कापडासारखी लागणारी टेप. रुंदी १९ मिलिमीटर, रोल २५ मीटरचा. मुळात ही गाडीच्या वायरिंगवर गुंडाळायची टेप. कारखान्यात वायरींचा जुडगा पत्र्यावर किंवा प्लास्टिकवर आपटून वाजू नये म्हणून जे गुंडाळतात, त्या जातीची. पॉलिएस्टरच्या धाग्यांची लव असलेला पातळ पडदा आणि मागे रबरी गोंद. मला ऑनलाइन ५५० रुपयांना पडली. सोबत प्लास्टिकच्या चपट्या पट्ट्यांचा पाच नगांचा संच घेतला, पॅनेल उचकटायचा, १८० रुपयांचा. त्याच्याबद्दल पुढे.

टेपकडे वळायच्या आधी मी काय काय करून बसलो ते सांगतो, कारण तुम्हीही तेच करणार.

आधी सर्व्हिस सेंटर. सल्लागार मुलगा सभ्य होता. माझ्यासोबत चक्कर मारायला आला, पण चक्कर मारली कुठे, तर वर्कशॉपसमोरच्या गुळगुळीत काँक्रीटवर. "आवाज येत नाही ना सर?" नाहीच आला. तिथं कुठून येणार? मी म्हटलं, अंकलीच्या पुलावर चल, जयसिंगपूरच्या रस्त्याला चल. तेवढा वेळ नव्हता. बिलात 'डॅशबोर्ड टाइटनिंग' म्हणून ६५० रुपये लागले आणि घरी येऊन बघतो तर ग्लोव्हबॉक्सच्या कडेची एक क्लिप गायब. आवाज होता तो होताच, त्यात एका नव्याची भर.

मग शेजारच्यांचा सल्ला: दाराच्या रबराला खोबरेल तेल लाव. लावलं. चार दिवस शांतता, नंतर त्यावर काळ्या मातीची धूळ अशी बसली की पांढरा शर्ट दाराला घासला तर गेलाच. शिवाय डिसेंबरात पहाटे खोबरेल थिजतं हे नारळाची बाटली शेकोटीजवळ धरणाऱ्या घरात वाढलेल्या मला आठवायला हवं होतं. नंतर इलेक्ट्रिशियनची काळी चिकटपट्टी. ती तर लावूच नका. मे महिन्यात गोंद वितळून बाहेर आला, पट्टी सरकली आणि वायरींवर गुळाच्या काकवीसारखा थर राहिला, तो पुसायला अर्धा रविवार गेला. दुहेरी चिकट फोम टेपही वापरली. सुरुवातीला छान, मग दबून कागदासारखी झाली, आणि दुसऱ्या पावसाळ्यानंतर बोट लावलं की भुगा.

तर आता आवाजांविषयी. मराठीत यासाठी इतके चांगले शब्द आहेत आणि आपण मेकॅनिककडे जाऊन नुसतं "आवाज येतोय" म्हणतो. खुळखुळ म्हणजे बंद जागेत सुटी वस्तू आहे: दाराच्या कप्प्यातलं नाणं, सीटखाली गेलेलं पेन, दाराच्या पोटात पडलेला स्क्रू. टकटक म्हणजे दोन कडक गोष्टींमध्ये थोडी फट आहे आणि त्या एकमेकींवर आपटताहेत. करकर किंवा कुईकुई म्हणजे फट अजिबात नाही, दोन पृष्ठभाग दाबून बसलेत, क्षणभर चिकटतात, सुटतात, पुन्हा चिकटतात. वहाणेचं कातडं तसंच करतं. आणि भणभण असते ती ठरावीक वेगाला किंवा ठरावीक आरपीएमलाच येते, एखादा सुटा कनेक्टर किंवा पातळ पॅनेल इंजिनाच्या कंपनाला साथ देतं तेव्हा. ही टेप टकटकीवर उत्तम, भणभणीवर चांगली, करकरीवर बरी. खुळखुळीवर तिचा काही उपयोग नाही, तिथे हात घालून नाणं काढावं लागतं.

माझ्या गाडीची एक सवय होती. सकाळी सातला निघालं की डावीकडे टकटक. अकराच्या सुमाराला, गाडी दवाखान्याबाहेर उन्हात तासभर उभी राहिली की टकटक बंद. मग एसी लावून पुन्हा अर्धा तास चाललं की सुरू. बरेच दिवस मला वाटायचं की माझाच कान तापतोय. कारण साधं आहे. डॅशबोर्डचं प्लास्टिक लोखंडाच्या कितीतरी पट जास्त प्रसरण पावतं. उन्हात बंद गाडीत डॅशबोर्डचा पृष्ठभाग सत्तर अंशांच्या आसपास सहज जातो. सकाळच्या वीस अंशांवरून तिथपर्यंत गेला की सव्वा मीटर लांबीचा तुकडा चार-पाच मिलिमीटर वाढू पाहतो, आणि तेवढ्याच फरकात त्याच्या मागचा लोखंडी आडवा दांडा मिलिमीटरभरही वाढत नाही. म्हणून प्लास्टिकच्या जोडांमध्ये कंपनीला मुद्दाम फट ठेवावी लागते. थंडीत ती फट मोठी होते आणि प्लास्टिक हलायला लागतं, उन्हात भरते आणि गप्प बसतं. म्हणजे सर्व्हिस सेंटरला गाडी दुपारी बाराला नेली तर आवाज येणारच नाही. न्यायचीच तर सकाळी पहिला नंबर लावा.

आवाज शोधणं हे खरं काम आहे, टेप लावायला दहा मिनिटं लागतात. आमच्या घरामागे पेव्हर ब्लॉकची दोनशे मीटरची गल्ली आहे, ठेकेदाराच्या कृपेने पुरेशी उंचसखल. तीच माझी चाचणीची जागा. दुसरा गिअर, वीसचा वेग, रेडिओ आणि पंखा बंद, काचा वर. मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून तो आधी ग्लोव्हबॉक्समध्ये, मग डाव्या दाराच्या कप्प्यात, मग मागच्या ट्रेवर, असा प्रत्येक फेरीत वेगळ्या ठिकाणी ठेवला. नंतर घरात बसून इअरफोन लावून ऐकलं. कानाला डॅशबोर्डच्या मधोमध वाटणारा आवाज मोबाइलला ग्लोव्हबॉक्समध्ये सर्वांत मोठा ऐकू आला. बंद डब्यात आवाज काचेवर आदळून फिरतो, ड्रायव्हरच्या सीटवरून दिशा कळतच नाही.

एक फुकटचा उपाय आधी करा: टायरची हवा. पंपावरचा मुलगा सवयीने ३८ भरायचा आणि मीही बघायचो नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर ३३ लिहिलंय. ३३ केल्यावर त्या गल्लीतल्या पाच आवाजांपैकी दोन गेले. आमच्याकडे काळी माती फुगते, आकसते, त्यामुळे डांबरी रस्तासुद्धा लाटा घेतलेला असतो. त्यावर दगडासारखे टायर घेऊन गेलं तर कुठल्याही गाडीची प्लास्टिकं बोलणारच. मग डिकी रिकामी केली. जॅक त्याच्या खाचेत नीट बसलेला नव्हता, औषधांच्या सॅम्पलची पेटी मागच्या ट्रेच्या कडेला घासत होती. तेही दोन गेले म्हणा.

डॅशबोर्डवरचा गणपतीसुद्धा तपासा. माझा चिनी मातीचा, खाली चिकटपट्टी, पण पट्टीचा एक कोपरा सुटला होता. आठवडाभर मी स्पीडोमीटरच्या काचेला दोष देत होतो.

आता टेप. ग्लोव्हबॉक्स काढणं माझ्या गाडीत सोपं आहे: दोन्ही बाजू आत दाबल्या की तो खाली झुकतो आणि बिजागरीतून निघतो. आत ब्लोअर, एसीचा फिल्टर आणि त्यांच्या आजूबाजूला वायरींचे तीन-चार जुडगे लोंबत होते. एकाचा पांढरा कनेक्टर रिकामा, मधल्या मॉडेलला नसलेल्या कुठल्या तरी सुविधेसाठीचा, आणि तो थेट प्लास्टिकच्या भिंतीवर वाजत होता. बोटाने टिचकी मारली तर तोच आवाज! पाच वर्षं मी ज्या सुविधेचे पैसे दिले नाहीत तिची वायर मला छळत होती. त्या कनेक्टरला टेपचे तीन वेढे दिले, जुडगा शेजारच्या जाड जुडग्याला बांधला. पिवळे कनेक्टर दिसले त्यांना हात लावला नाही, ते एअरबॅगचे असतात आणि डाव्या बाजूची एअरबॅग ग्लोव्हबॉक्सच्या वरच असते. ज्यांच्या गाडीत छताच्या कडेला आणि खांबांच्या (काचांच्या मधल्या, छताला आधार देणाऱ्या उभ्या दांड्यांच्या) आत पडद्याच्या, म्हणजे बाजूच्या काचेवर उघडणाऱ्या एअरबॅग आहेत, खांबाच्या प्लास्टिकवर तशी अक्षरं कोरलेली असतात, त्यांनी ते खांब घरी उघडूच नयेत, टेप किंवा फोम आत कोंबणं तर लांबच.

इथे टेपचा पहिला गुण कळला: ती हाताने फाटते. ग्लोव्हबॉक्सच्या पोकळीत डोकं घालून, एका हातात टॉर्च धरून कात्री चालवणं म्हणजे काय ते करून बघा. दुसरा गुण, ती स्वतःवर घट्ट बसते. वेढा दिला की सुटत नाही. तिसरा, उन्हाने गोंद पाझरत नाही. कंपनी १०५ अंशांपर्यंतचं बोलते. दोन मे महिने आमच्या गाडीने जतच्या उन्हात काढले, वेढ्याच्या कडेला चिकटा नाही.

आणि दोष. सपाट जागी नुसता तुकडा चिकटवला तर ही टेप भरवशाची नाही. गाडीतलं बरंचसं प्लास्टिक पॉलिप्रॉपिलीन असतं आणि त्याला काहीच नीट चिकटत नाही. वर कारखान्यातून किंवा पॉलिशमधून आलेला तेलकट थर. ग्लोव्हबॉक्सच्या कडेला लावलेले माझे पहिले चार तुकडे महिन्याभरात कोपऱ्यांनी उठले. मग डोक्यात प्रकाश पडला की इंजेक्शनच्या आधी लावायचे आयसोप्रोपिल अल्कोहोलचे स्वॅब माझ्या बॅगेत कायम असतात. प्लास्टिक त्याने पुसून, सुकू देऊन, मग लावले ते तुकडे टिकले, पण जिथे उघडझाप होते तिथे ते वर्षभरात गोळा होऊन निघालेच. अशा ठिकाणी मी आता फर्निचरच्या पायाला लावायचा जाड फेल्ट किंवा वेल्क्रोची मऊ बाजू लावतो. लव पाणी शोषते, म्हणून दाराच्या पोटात खालच्या भागात ही टेप नको. आणि दिसेल अशा जागी तर नकोच, महिन्याभरात तिच्यावर धूळ, केस, सॅम्पलच्या डब्यांचा पांढरा भुगा, सगळं बसतं.

दाराचं पॅनेल काढायला धाडस लागतं. दोन स्क्रू हँडलच्या वाटीत झाकणाखाली लपलेले, एक आरशाच्या तिकोनी प्लास्टिकमागे, बाकी क्लिपा. त्या १८० रुपयांच्या पट्ट्या इथे कामाला आल्या, स्क्रूड्रायव्हर घातला असता तर कड चेपली असती. पण पाचपैकी सर्वांत पातळ पट्टी तिसऱ्याच क्लिपेला मोडली, आणि हिवाळ्याच्या सकाळी पॅनेल उचकटायला गेलात तर क्लिपाही मोडतात. गाडी तासभर उन्हात ठेवा, मग करा. जुन्या क्लिपा दहापैकी तीन-चार तुटणार हे धरूनच चाला. नव्या दहा क्लिपांची पुडी सुट्या भागांच्या दुकानात आधी घेऊन ठेवा, जुनी एक नमुन्याला नेऊन. मला एका क्लिपेचे १२ रुपये पडले. खरं सांगायचं तर माझ्या उजव्या दाराचा आवाज नव्या क्लिपांनीच गेला, टेपचं त्यात काही श्रेय नाही. आत लॉकचा लोखंडी दांडा पत्र्याला लागत होता, त्याला दोन वेढे दिले तेवढंच. दाराच्या पत्र्यावर आत जो प्लास्टिकचा कागद डांबरासारख्या काळ्या पट्टीने चिकटवलेला असतो तो फाडू नका. तो गेला की पावसाचं पाणी थेट पायाखालच्या मॅटवर. आमच्या ओळखीतल्या एकाने फाडला होता. त्याच्या गाडीला दिवाळीपर्यंत बुरशीचा वास यायचा.

दाराच्या रबराची करकर टेपने जाणार नव्हतीच. तिथे सिलिकॉन ग्रीस, अगदी मटाराएवढं, कापडाने रबरभर पुसून घेतलं. सहा महिन्यांतून एकदा पुरतं. पेट्रोलियमचं ग्रीस किंवा इंजिन ऑइल दाराच्या रबराला लावू नका, रबर फुगतं.

सगळ्यांत मोठा आवाज मात्र यातल्या कशाचाच नव्हता.

डावीकडे, कानाच्या थोडा मागे, टकटकटक, विशेषतः हातकणंगल्याच्या अलीकडे जिथे रस्ता मोडतो तिथे. डावं दार उघडून झालं, खांबाच्या प्लास्टिकवर हात दाबून झाला, मागची सीट उचलून झाली. रविवारी बायकोला घेऊन निघालो की आवाज पूर्ण बंद. सोमवारी पुन्हा चालू. ती म्हणायची, "अहो, मी असले की गाडीसुद्धा शहाण्यासारखी वागते." मी हसायचो आणि आतून चिडायचो, कारण रविवारचा रस्ताही तोच, टायरही तेच, हवाही तीच. एकदा मी तिला गाडी चालवायला दिली आणि स्वतः मागे बसलो, कान डाव्या खांबाला लावून. जयसिंगपूरच्या स्पीडब्रेकरवर आवाज आला आणि डोळ्यासमोरच दिसला. शेजारच्या रिकाम्या सीटच्या बेल्टची लोखंडी जीभ. बेल्ट लावलेला नसला की ती खांबाच्या प्लास्टिकवर लोंबते आणि आपटते. बायको बसते तेव्हा ती बकलात असते. मी आठवड्याचे सहा दिवस एकटा फिरतो, म्हणून सहा दिवस आवाज.

जिथे जीभ आपटते तिथे खांबाच्या प्लास्टिकवर दोन इंचांचा फेल्टचा तुकडा लावला. जिभेला किंवा बेल्टच्या पट्ट्याला टेप गुंडाळू नका, बकल नीट बसणार नाही. चार वर्षांचा आवाज पाच मिनिटांत आणि जवळपास फुकटात गेला. बायकोला ते कारण फारसं पटलेलं नाही, तिचं आधीचंच मत कायम आहे.

तर टेपला पाचपैकी चार. एक गुण सपाट जागी न टिकण्याबद्दल कापला. २५ मीटरपैकी माझ्या गाडीला सात-आठ मीटर लागली, मेव्हण्याच्या गाडीला चार, उरलेली घरात आहे. स्वस्तात रुंद रोल मिळाला तरी १९ मिलिमीटरचाच घ्या, रुंद टेप वायरींच्या फटीतून फिरवता येत नाही. पट्ट्यांच्या संचाला अडीच, तेही मोडलेल्या पट्टीला माफ करून. गाडी नवी असेल, वॉरंटीत असेल, तर स्वतः उघडू नका. रेकॉर्डिंग करा, सकाळी आठला सर्व्हिस सेंटरला जा आणि खडबडीत रस्त्यावर त्यांना सोबत घ्या, ते कितीही कुरकुरले तरी.

एक टकटक अजून आहे. स्पीडोमीटरच्या मागे कुठेतरी, फक्त डिसेंबर-जानेवारीत, अंकलीच्या पुलाच्या जोडांवर, प्रत्येक जोडाला एक. तिथे पोचायला स्टीअरिंगभोवतीची प्लास्टिकं काढावी लागतील आणि तिथे एअरबॅगही आहे, त्यामुळे मी हात घातलेला नाही. पूल संपतो तशी तीही थांबते.